माजघरातला काळोख

दिवाळी जवळ आली की जुन्या वाड्यांच्या छायाप्रकाशाचे कौतुक करणारा एखादा लेख हटकून वाचायला मिळतो. असले लेख मीही लिहिले आहेत. अलीकडे मात्र त्यांत काहीतरी गाळले जाते, असे मला वाटू लागले आहे.

वाईजवळ, कृष्णाकाठी, मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आहे. भरदुपारी त्यात शिरावे. उन्हाने दिपलेल्या डोळ्यांना आत क्षणभर काहीच दिसत नाही. मग लाकडी खांब हळूहळू काळोखातून वर येतात आणि पुढे एकदम चौक उघडतो. पुन्हा सावली, पुन्हा चौक. असे सहा चौक. बाहेरच्या अंगाला जाड भिंत आणि उजेड मागायचा तो आभाळाकडे, ही वाड्याची रीत. चौकातला उजेड ओसरीवर येतो तेव्हा त्याची धार गेलेली असते. माजघरात पोचेपर्यंत त्याचा नुसता निरोप उरतो. समईची एक ज्योत देवघराला पुरी पडे, ती या सावलीच्या जिवावर. झगझगीत दिवे टांगून वाडा ‘सजवणाऱ्यांना’ हे कोणी सांगावे!

सावलीचे हे कौतुक आपल्याच मुलखाचे नाही. जपानी लेखक तानिझाकी यांनी १९३३ साली सावलीच्या थोरवीवर एक निबंध लिहिला. लाखेची काळी भांडी अंधूक उजेडातच खुलतात, हे त्यांचे म्हणणे मला मनापासून पटते. पण आपल्या वाड्यात सावलीची वाटणी झाली होती, त्याचे काय? ओसरीवरची थंडगार सावली बैठकीची, पानसुपारीची. तिच्यामागचा गडद काळोख बायकांच्या वाट्याचा. आणि सर्वांत अंधारी खोली बहुधा बाळंतिणीची. सावलीवर लिहिणारे आम्ही बहुतेक सारे ओसरीवर बसूनच लिहीत आलो.

आमच्या आजोळी घड्याळ होते, पण आजीचा भरवसा कवडशावर. तो जात्याच्या पाळीला टेकला की पाने मांडायची. घरात वीज आली तेव्हा पहिला दिवा ओसरीवर लावायचे आजोबांनी ठरवले. आजी एरवी त्यांच्यापुढे बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, “ओसरीला चौक आहे. इथं मला तांदळातला खडा दिसत नाही.”

दिवा स्वयंपाकघरात लागला. पाने मात्र ती शेवटपर्यंत कवडसा बघूनच मांडी.