'सामना' : संवादाच्या शक्यता आणि मर्यादा

प्रस्तावना :
विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला 'सामना' हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. सहकारी साखर कारखानदारीतून उदयास आलेल्या ग्रामीण सत्तेचे चित्रण म्हणून त्याची चर्चा प्रामुख्याने होते. प्रवरानगरचा कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. या दोन घटनांनी घडवलेले सत्ताकारण चित्रपटाच्या पार्श्वभूमीला आहेच. तथापि परस्परविरोधी राजकीय मूल्ये मानणाऱ्या दोन व्यक्तींमधील संवाद हा या कलाकृतीचा खरा गाभा आहे.

आतिथ्य आणि प्रश्न :
हिंदुराव धोंडे पाटील (निळू फुले) हा गावाचा सर्वसत्ताधीश, तर मास्तर (श्रीराम लागू) हा स्वातंत्र्यचळवळीतून आलेला, आता मद्याच्या आहारी गेलेला ध्येयवादी. हिंदुराव या निराश्रिताला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी मनमोकळे बोलतो. दोन टोकांमधील अंतर मिटल्याचा भास येथे निर्माण होतो. परंतु हे आतिथ्य समतेवर आधारलेले नाही. काय बोलावे आणि काय बोलू नये, हे यजमानच ठरवतो. ज्याच्या घरचे अन्न खावे त्याला अडचणीत आणू नये, हा लोकसंकेत त्याच्या मदतीला असतो.

मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, हा मास्तरचा प्रश्न ही चौकट मोडतो. गावात मारुतीची कहाणी तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली आहे. प्रत्येकाला थोडे ठाऊक आहे, पण भीतीमुळे कोणीच ते दुसऱ्याच्या तुकड्याशी जोडत नाही. मास्तरचा प्रश्न हे तुकडे एकत्र आणतो. विशेष म्हणजे प्रश्न विचारताना तो हिंदुरावाला माणूस म्हणून नाकारत नाही, आणि हिंदुरावही त्याच्याविषयीची ओढ लपवू शकत नाही. त्यामुळे संघर्ष तीव्र होऊनही संवाद तुटत नाही. शेवटी हिंदुरावाला कायद्याला सामोरे जावे लागते, तेव्हा प्रेक्षकाला निखळ विजयाचा आनंद मिळत नाही, तो याच कारणाने.

मर्यादा :
मात्र या संवादाची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो मारुती संभाषणात सहभागी नाही. त्याची कहाणी इतरांकडून कळते आणि तिचा निवाडा दोन प्रबळ व्यक्तिमत्त्वांमध्ये होतो. गाव बहुतांशी साक्षीदारच राहते. मास्तर नसता तर प्रश्न विचारला गेला असता काय, या शंकेचे उत्तर चित्रपट देत नाही. सामूहिक धैर्याची जागा येथे एका उपऱ्या माणसाच्या धैर्याने घेतली आहे.

निष्कर्ष :
विरोधकांनी एकत्र बसून बोलावे, असे आवाहन वारंवार केले जाते. अशा बैठकीत सौहार्द किती होते यापेक्षा अनुपस्थित माणसाचा प्रश्न तेथे विचारता येतो की नाही, ही तिची खरी कसोटी होय, असे 'सामना' सूचित करतो. प्रश्न टाळून साधलेला सलोखा सत्तेची सोय ठरतो, तर माणसालाच टाळून विचारलेला प्रश्न केवळ आरोप ठरतो. या दोहोंमधील अवघड वाट दाखवणे हे या चित्रपटाचे योगदान आहे. त्या वाटेवर संपूर्ण गाव चालू लागल्याचे तो दाखवत नाही, ही त्याची मर्यादा आहे.