उद्धरण आणि प्रामाण्य

बायबलच्या लेखकांनी बाहेरच्या ग्रंथांतील वचने घेतली, म्हणजे ते ग्रंथ प्रमाण मानले, असे एक पक्ष म्हणतो. ती केवळ अलंकारापुरती घेतली, असे दुसरा म्हणतो. वचन कोणत्या शब्दांनी उद्धृत केले आहे, इकडे दोघांचेही पुरेसे लक्ष नाही, असे आम्हांस वाटते.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या 17 व्या अध्यायात पौल अथेन्सकरांपुढे अराटस या ग्रीक कवीची उक्ती मांडतो. मुळात ती झ्यूसविषयी आहे. पौल तिचा रोख आपल्या देवाकडे वळवितो, पण ती श्रोत्यांच्या कवींची आहे हे सांगून अंतर राखतो. यहूदाच्या पत्रात असे अंतर नाही. 14 व 15 या वचनांत तो हनोखाच्या ग्रंथातील उतारा देतो आणि त्यास निःशंकपणे भविष्यवाणी म्हणतो. येथे अलंकाराचा पक्ष टिकत नाही.

परंतु त्यामुळे पहिला पक्षही सिद्ध होत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्राने यहूदाचा बराच मजकूर घेतला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात हा उतारा नाही. पुढे जेरोमने नोंदविले की, याच उताऱ्यामुळे पुष्कळ लोक यहूदाचे पत्र नाकारीत. उलट, इथिओपियाच्या चर्चने हनोखाचा ग्रंथ प्रमाण मानला. संपूर्ण स्वरूपात तो तेथील गीझ भाषेतच टिकला. कुमरानच्या गुहांतही त्याच्या अनेक अरामी प्रतींचे तुकडे सापडले.

तात्पर्य, यहूदाच्या काळी प्रमाणग्रंथांची सीमा पुरती निश्चित झालेली नव्हती. मागाहून आखलेल्या सीमेवरून त्यास दोषी ठरविणे किंवा त्याचा बचाव करणे, दोन्ही आम्हांस अप्रस्तुत वाटतात. प्रत्येक उद्धरणाचा निर्णय त्याच्या शब्दांवरूनच करावा लागेल.