क्रॅकचं गाणं आणि गायब गिऱ्हाईक

अमेरिकी रॅपमधल्या अमली पदार्थांच्या उदात्तीकरणावर लिहिणारे बहुतेक जण शिव्या, बंदुका आणि सोन्याच्या साखळ्या मोजत बसतात. खरी गोम वेगळीच आहे. या गाण्यांत माल असतो, नफा असतो, पोलीस आणि दगाबाज भागीदारही असतात; नसतं ते फक्त गिऱ्हाईक. सुरुवातीला तसं नव्हतं. १९८८मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स’मध्ये क्रॅक कोकेनने पोखरलेल्या माणसांनाच समोर आणलं होतं. नव्वदच्या दशकात मात्र विकणारा बोलू लागला आणि विकत घेणारा हळूहळू दिसेनासा झाला.

या बदलाचा सर्वांत चोख नमुना म्हणजे रॅपर द नोटोरियस बी.आय.जी.चं ‘टेन क्रॅक कमांडमेंट्स’. मार्च १९९७मध्ये त्याचा खून झाला आणि दोनच आठवड्यांनी हे गाणं असलेला अल्बम आला. गाणं म्हणजे धंद्याचे दहा नियम: उधारी बंद, राहत्या जागी विक्री नको, घर आणि धंदा वेगळे ठेवा. रचना इतकी बांधीव की दाद द्यावीच लागते. पण त्यातला एक नियम सांगतो की आपला माल आपण घेऊ नये. म्हणजे माल काय करतो हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. ज्याने तो घेतला त्याचं पुढे काय झालं, याबद्दल गाणं चकार शब्द काढत नाही. गंमत अशी, की गाण्याचा निर्माता डीजे प्रीमियरने या नियमांची मोजदाद पब्लिक एनिमीच्याच चक डीच्या आवाजात बसवली होती. चक डीने त्यावरून दावा ठोकला.

‘आम्ही फक्त वास्तव सांगतो’ हा बचाव नेहमीचा. पण वास्तवाचा हिशेब वेगळा आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि समाजशास्त्रज्ञ सुधीर वेंकटेश यांनी शिकागोतल्या क्रॅक विकणाऱ्या एका टोळीच्या जमाखर्चाच्या वह्या अभ्यासून २०००मध्ये निबंध प्रसिद्ध केला. कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची कमाई किमान वेतनाच्या आसपासच, आणि मरणाची टांगती तलवार कायमची. पैसा वरच्या मोजक्यांकडे. गाण्यात मात्र जो तो वरचाच. ऐकणाऱ्यालाही वास्तवाची फारशी फिकीर नसते. रॅपर रिक रॉसने लॉस एंजेलिसच्या एका खऱ्या विक्रेत्याचं नाव घेतलं. हा रॅपर स्वतः पूर्वी फ्लोरिडात तुरुंगरक्षक होता, हे २००८मध्ये उघड झालं. पुढच्या वर्षी त्याचा अल्बम बिलबोर्डवर पहिला आला.

मग ही कल्पितकथाच म्हणा. ‘गॉडफादर’ला कोण नावं ठेवतं? मान्य. पण ‘गॉडफादर’ चित्रपटात नायक मायकेल काय काय गमावतो तेही दिसतं. या टीकेवर जास्त वजनदार आक्षेप आहे तो वर्णभेदाचा. अमेरिकेच्या १९८६च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला तीच किमान ५ वर्षांची शिक्षा ठेवली, जी कोकेनच्या ५०० ग्रॅम पावडरीला होती. हे प्रमाण बदलायला २०१० उजाडलं. क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा भोगणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. अशा व्यवस्थेपुढे ताठ मानेने बोलणाऱ्या विक्रेत्याची मिजास कुठून येते, ते समजतं. रॅपचे शब्द पुरावा म्हणून कोर्टात वापरणं चूकच. कॅलिफोर्नियाने २०२२मध्ये त्यावर मर्यादा घातल्या, हे बरं झालं. पण शिक्षेपासून संरक्षण म्हणजे समीक्षेपासून सूट नव्हे. व्यवस्थेने चिरडलेल्यांत तो गिऱ्हाईकही होता, आणि तो बहुधा त्याच गल्लीतला होता.

या प्रकारातली सर्वांत सकस कामगिरी, माझ्या मते, व्हर्जिनियाच्या क्लिप्स या दोघा भावांची. ‘हेल हॅथ नो फ्युरी’ या अल्बममध्ये (२००६) ऐट आणि धास्ती एकाच ओळीत नांदतात. पुढे त्यांच्या माजी व्यवस्थापकाला अमली पदार्थांच्या खटल्यात ३२ वर्षांची शिक्षा झाली, आणि दोघांपैकी मॅलिसने धर्माची वाट धरून ‘नो मॅलिस’ असं नाव घेतलं. २०२५च्या अल्बमसाठी भाऊ पुन्हा एकत्र आले. त्याची सुरुवात आईवडिलांच्या मृत्यूवरच्या गाण्याने होते आणि ते थेट भिडतं. पुढे मात्र बराचसा पुन्हा तोच माल, तीच फुशारकी. कारागिरी अव्वल, नजर मात्र २००६च्या पुढे सरकलेली नाही.