पांढऱ्या पेशींचे सैन्य : एका उपमेची तपासणी

शहागड हे अंबड तालुक्यातले गोदावरीकाठचे गाव. तिथे शिक्षकांच्या एका लहानशा मेळाव्यात रक्ताविषयी बोलण्याचा योग आम्हांला आला. सवयीप्रमाणे आम्ही तांबड्या पेशींना हमाल आणि पांढऱ्या पेशींना सैनिक करून टाकले. भाषण संपल्यावर आठवीतली एक मुलगी उठली. "सर, पांढऱ्या पेशी सैनिक, आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये त्या खूप वाढतात, असं तुम्हीच म्हणालात. मग तो माणूस सगळ्यांत ताकदवान व्हायला पाहिजे ना?" हशा पिकला. आम्हांला मात्र हसू आले नाही, कारण तिचे तर्कशास्त्र बिनचूक होते.

चहाच्या वेळी एका गुरुजींनी दुसरा प्रश्न काढला. त्यांच्या वर्गातला एक मुलगा याच रोगाचे उपचार पुरे करून नुकताच शाळेत परतला होता. "सर, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्यात. तरी वर्गात कुणाच्या अंगावर पुरळ दिसलं, की त्याची आई त्याला आठवडाभर घरी ठेवते. जरा अतीच होतंय, नाही का?"

आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच उपमेच्या पोटी जन्मलेले आहेत. शाळेतले धडे, वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्या आणि आमच्यासारख्यांचे लेख यांतून ती इतकी रुळली आहे, की ती उपमा आहे हेच आपण विसरलो.

ती अगदीच टाकाऊ आहे असे नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपुरती ती चालते. जंतू दिसला की त्याला गिळायचे, हे त्यांचे काम. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दररोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. केमोथेरपीची औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात, म्हणून ही भरती थांबते आणि रोगी काही दिवस अगदी उघडा पडतो. मात्र औषधांचा जोर ओसरला की दोन-तीन आठवड्यांत न्यूट्रोफिल बहुधा परत येतात. इथे गणतीला अर्थ आहे.

पुढे मात्र उपमा फसते. ल्युकेमियात वाढतात त्या कामाच्या पेशी नव्हेत. त्या घडण अर्धवट राहिलेल्या एकाच पेशीच्या नकला असतात. जंतूशी त्यांना काही देणेघेणे नसते, आणि अस्थिमज्जेतली जागा अडवून त्या बाकीच्यांची वाट बंद करतात. आठवीतल्या मुलीला हे उत्तर द्यायला हवे होते. आम्ही त्या वेळी 'बंडखोर सैनिक' असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली, म्हणजे एक चूक झाकायला तीच उपमा आणखी ताणली.

गुरुजींच्या प्रश्नात याहून मोठी फसगत आहे. सैन्य म्हटले की आपण डोकी मोजतो. परंतु प्रतिकारशक्तीचा मोठा भाग म्हणजे आठवण. गोवराची लस टोचल्यावर शरीरात उरतात त्या गोवर ओळखणाऱ्या मोजक्या बी-पेशी व टी-पेशी, आणि वर्षानुवर्षे प्रतिपिंडे पाझरत राहणाऱ्या प्लाझ्मा पेशी. रक्ताच्या साध्या तपासणीत 'पांढऱ्या पेशी सात हजार' असे छापून येते तेव्हा त्यांतल्या किती जणींना गोवर आठवतो, हे त्या कागदावर नसते. पटावरची संख्या पूर्ण आहे एवढ्यावरून वर्गाला पाढे येतात असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. रक्ताच्या रिपोर्टबाबत मात्र आपण सगळे ते खुशाल म्हणतो.

ही आठवण किती पुसली जाते, हे उपचारावर अवलंबून असते. लहान मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियात केमोथेरपी दोन ते तीन वर्षे चालते. ती संपल्यावर बी-पेशी काही महिन्यांत सावरतात, टी-पेशींना अधिक काळ लागतो. आणि काही मुलांत लहानपणीच्या लसींनी दिलेली प्रतिपिंडे इतकी घटलेली आढळतात, की पुन्हा डोस द्यावे लागतात. दात्याची अस्थिमज्जा बसवली असेल तर गोष्ट आणखी लांबते. भारतातले पहिले असे प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. प्रत्यारोपणानंतर रोग्याला जणू कधीच लस टोचली नव्हती असे धरून बहुतेक लसी पुन्हा द्याव्या लागतात, आणि गोवरासारखी जिवंत विषाणूंची लस तर सहसा दोन वर्षांपर्यंत देत नाहीत.

टी-पेशींना एवढा वेळ का लागतो? कारण त्यांना छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार व्हावे लागते. तिथे स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या आणि काहीच न ओळखणाऱ्या पेशी बाद होतात. शंभरांतील जेमतेम दोन-चार उत्तीर्ण होतात. (आपल्याकडे असा निकाल लावणाऱ्या शाळेचे अनुदान कधीच बंद झाले असते!) वयानुसार ही ग्रंथी आक्रसत जाते, म्हणून लहान मूल पन्नाशीच्या माणसापेक्षा लवकर सावरते.

वृत्तपत्रांविषयीही थोडे बोलले पाहिजे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अभिमानाचीच गोष्ट. रोग्याच्याच टी-पेशी काढून त्यांत एक जनुक घालतात आणि सीडी१९ ही खूण असलेल्या पेशी ओळखून मारायला त्यांना लावतात. बातम्यांत हे 'सैनिकांना नवे शस्त्र' झाले आणि परदेशाच्या तुलनेत किंमत किती कमी, यावर भर राहिला. सीडी१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, ही गोष्ट आम्ही वाचलेल्या बहुतेक बातम्यांत नव्हती. कर्करोगाबरोबर त्याही जातात, कधी कित्येक महिने परतत नाहीत, आणि काही रोग्यांना बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागतात. याच्या उलट, जुन्या प्लाझ्मा पेशींपैकी अनेकींवर ही खूण नसते, म्हणून त्या वाचतात आणि जुन्या लसींची प्रतिपिंडे बऱ्याच अंशी टिकून राहतात. नवे शिकता येत नाही, जुने मात्र आठवते! इतकी सुरस गोष्ट शस्त्राच्या उपमेत बसत नाही, म्हणून ती वाचकापर्यंत पोचलीच नाही.

चित्रपटांनीही आपल्याला एकच शेवट शिकवला. १९७१ च्या 'आनंद'मध्ये नायकाला लसिकापेशींचा कर्करोग होता, १९७८ च्या 'अँखियों के झरोखों से'मध्ये नायिकेला ल्युकेमिया. दोघेही जातात, आणि त्या काळी ते वास्तवाला फारसे सोडून नव्हते. आज प्रगत देशांत लहान मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियात दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, आणि उपचारांच्या काळातला जंतुसंसर्ग व अर्ध्यावर सुटलेले उपचार ही त्याची मोठी कारणे आहेत. पडद्यावर मरण, बातमीत विजय. औषधे थांबल्यापासून प्रतिकारशक्ती भरून येईपर्यंतचा जो काळ मूल तुमच्या वर्गात काढते, तो कुठल्याच गोष्टीत नाही.

गुरुजींना आम्ही सांगितले की त्या माउलीचे काही अती होत नाही. कांजिण्या इतर मुलांना चार दिवस खाजवत ठेवतात. या मुलाच्या फुप्फुसापर्यंत त्या जाऊ शकतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही, तेव्हा वर्गात साथ आली की कोण सुरक्षित, हे धरून चालता येत नाही. मात्र संपर्क आल्यावर लगेच कळले, तर डॉक्टरांना प्रतिबंधक औषध किंवा तयार प्रतिपिंडे देता येतात. नंतर त्यांचा उपयोग कमी होत जातो. म्हणून आईला निरोप त्याच दिवशी पोचायला हवा, शनिवारी नव्हे. मुलाच्या धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब पाजण्याआधीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. तोंडावाटे द्यायच्या लसीत जिवंत विषाणू असतो, आणि अशा घरात टोचायची लस पसंत केली जाते. बाकी मुलाला वेगळ्या बाकावर बसवायचे कारण नाही. त्याचा रोग कोणाला लागत नाही. इतरांचे आजार त्याला लागू शकतात, आणि नेमके हेच वर्गातली मुले उलटे समजून बसली होती.

गुरुजींनी खिशातून पेन काढले, आणि हजेरीपटाच्या पहिल्या पानावर त्या आईचा फोन नंबर लिहून ठेवला.