राखीव गडी आणि आपली कींव

पडघा हें भिवंडी तालुक्यांतील, मुंबई-नाशिक मार्गावरचें गांव. तेथें सायंकाळीं कबड्डीचा डाव पाहावयास उभे राहिलों कीं आमचें लक्ष हटकून रेषेबाहेर बसलेल्या मुलांकडे जातें. संघांत गडी बारा; मैदानांत सात; पांच बाहेर. हे पांचजण सरावाच्या वेळीं त्या सातांच्या चढाया थोपवितात, म्हणूनच ते सात सामन्यांत तरबेज दिसतात. परंतु पुढें आठवणी निघाल्या म्हणजे या पांचांविषयीं एकच वाक्य ऐकूं येतें: बिचाऱ्यांस संधि मिळाली नाहीं! राखीव गड्यांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्याचाहि सूर बहुधा हाच असतो. त्या सुराविषयींच आमची तक्रार आहे.

गांवच्या मुलांचे आंकडे कोणी लिहून ठेवीत नाहीं. म्हणून ज्यांचे ठेवले गेले आहेत अशा एका गड्याचें उदाहरण घेऊं. पद्माकर शिवलकर मुंबईच्या संघाचे आधारस्तंभ. पण भारताच्या कसोटी संघाबाहेर जन्मभर उभे राहिले. १२४ प्रथमश्रेणी सामन्यांत त्यांनीं ५८९ बळी घेतले, तेहि प्रत्येकीं वीसांहून कमी धावांत. त्यांच्या आत्मकथनाचें नांव ‘हा चेंडू दैवगतीचा’. ज्यानें सोसलें त्यानें दैवाचें नांव घ्यावें, हें शोभतें. परंतु वाचकानें तेथेंच थांबून सुस्कारा टाकावा काय?

आमच्या मतें थांबूं नये. कारण येथें दैवापेक्षां रोखठोक असा हिशेब होता. बिशनसिंग बेदी हेहि डावखुरे फिरकी गोलंदाज. ६७ कसोट्यांत त्यांचे २६६ बळी. एकाच जातीचे दोन गोलंदाज सहसा कोणी एकत्र खेळवीत नाहीं. हरयाणाचे राजिंदर गोयल ७५० प्रथमश्रेणी बळी घेऊनहि याच कारणानें मागें राहिले. हिशेब बरोबर कीं चूक, यावर वाद घालतां येतो. दैवाशीं वाद घालतां येत नाहीं.

कींव केली कीं परीक्षा करण्याचें ओझें टळतें, हा त्यांतला खरा दोष. १९७२-७३ च्या रणजी करंडकाची अंतिम झुंज पाहा. चेपॉकवर शिवलकरांनीं पहिल्या डावांत १६ धावांत ८ व दुसऱ्यांत १८ धावांत ५ गडी बाद केले. तामिळनाडू ८० व ६१ मध्यें आटोपला. खेळपट्टीच फिरकीला अनुकूल होती, असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण वेंकटराघवन यांच्यासारखा कसोटीवीर प्रतिपक्षांत असतां त्याच मातीवर मुंबईनें १५१ व ११३ धावा केल्या. हा फरक हातांतला होता. असें तोलून पाहणें, हाच राखीव गड्याचा खरा सन्मान.

सुनील गावसकरांनीं १९८३ सालच्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकांत आपल्या आदर्श खेळाडूंमध्यें शिवलकर व गोयल या दोघांस बसविलें. ही निवड आम्हांस कोणत्याहि हळहळीपेक्षां मोलाची वाटते; कारण ती फलंदाजानें गोलंदाजाविषयीं दिलेली साक्ष आहे. क्रिकेट मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव या दोघांस २०१७ सालीं मिळाला. २०२० मध्यें गोयल व २०२५ मध्यें शिवलकर निवर्तले. त्यांवर हळहळीचे लेख पुष्कळ आले असतील. आम्हांस त्यांच्या गोलंदाजीविषयीं अधिक वाचावयास आवडेल.

पडघ्याच्या मैदानावरील त्या पांचांस असा साक्षीदार कोठून मिळणार? तो त्या सातांपैकींच कोणी असला पाहिजे. ‘याची पकड मला सरावांत कधींच सोडवितां आली नाहीं,’ एवढें एक वाक्य त्यानें लिहून ठेविलें, तरी बिचारेपणाचा शिक्का पुसला जाईल. आठवण लिहिणाऱ्यांनीं अश्रु थोडे आंवरावे व डोळे अधिक उघडे ठेवावे, एवढेंच आमचें मागणें आहे.