कांट, दारातला खुनी आणि माझे गाळलेले दोन रन

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये ‘रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स’ असतं, दोन क्रेडिटचं. त्यात कांट साधारण अर्ध्या तासात उरकतो. परिणाम काहीही होवोत, खोटं बोलायचं नाही. मग ते खुन्याचं उदाहरण, वर्गात थोडं हसू, पुढची स्लाइड. मीही तेवढ्यावरच पास झालो. मूळ निबंध मात्र परवा वाचला, इंग्रजी भाषांतरातून. अगदी थोडक्या पानांचा आहे, एका बैठकीत होतो.

साल १७९७. बेंजामिन कॉन्स्टंटचं म्हणणं होतं की सत्यावर ज्याचा अधिकार आहे त्यालाच ते सांगणं हे कर्तव्य. मित्राच्या मागावर आलेल्या खुन्याला तो अधिकार नाही. ७३ वर्षांचा कांट म्हणतो, नाही, त्यालाही खोटं सांगता येणार नाही. आणि समजा ‘मित्र घरात नाही’ म्हणालात, तो तुमच्या नकळत खरंच बाहेर सटकलेला होता आणि परत जाणाऱ्या खुन्याला नेमका रस्त्यात सापडला, तर जबाबदार तुम्ही!

हा भाग मला कच्चा वाटतो. परिणाम मोजू नका म्हणायचं आणि खोट्याचे तेवढे मोजायचे, हे कसं चालेल? पण गंमत म्हणजे सगळे हाच भाग लक्षात ठेवतात आणि मुख्य मुद्दा सुटतो. मुद्दा असा: खोट्या विधानाने समोरच्यावर अन्याय होवो न होवो, विधान नावाच्या गोष्टीवरचा भरवसाच त्याने कमी होतो, आणि त्या भरवशावर तर सगळे करार, सगळे हक्क उभे आहेत. म्हणून अन्याय एकट्यावर नाही, सगळ्या माणसांवर. दारात सुरा घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे हे अतिरेकी वाटतं. रिसर्च पेपरला मात्र चपखल बसतं. पेपर कोण वाचणार, कधी, कशासाठी, आपल्याला काहीच ठाऊक नसतं. आपण ते विधान सगळ्यांसमोरच केलेलं असतं.

आता माझी गोष्ट. रंगद्रव्याच्या विघटनाचा प्रयोग मी पाच वेळा केला. तीन रन छान जुळले, दोन भलतीकडे गेले. पेपरमध्ये लिहिलं, ‘तीन प्रयोगांची सरासरी’. यात खोटं काय? एक शब्दही नाही. आपल्याकडे याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात.

आणि इथे कांट माझ्या बाजूने उभा राहतो की काय, अशी भीती वाटते. कारण त्याचं कर्तव्य विधानाबद्दल आहे. जिथे बोलणं टाळता येतं तिथे गप्प राहायला त्याची हरकत नाही. स्वतः त्याने हेच केलं. १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने धर्मावरच्या लेखनाबद्दल तंबी दिली, तेव्हा ‘महाराजांचा अत्यंत निष्ठावान प्रजाजन म्हणून’ तो विषय सोडतो असं कांटने लिहून दिलं. राजा १७९७ च्या नोव्हेंबरमध्ये वारला. पुढच्या वर्षी कांटने छापून सांगितलं की ते शब्द मुद्दाम निवडले होते: वचन त्या राजाच्या हयातीपुरतंच! सेन्सॉरपुढे अडकलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापकाला मी हे माफ करीन. पण राजाने त्या वाक्याचा काय अर्थ घेतला असेल, हे कांटला माहीत नव्हतं? सत्य बोलण्याचं कर्तव्य शब्दांपाशीच संपत असेल, तर ते विधानावरचा भरवसा राखणार कसा? त्याच्याच युक्तिवादाने ते पुढे जायला हवं होतं. ‘तीन’ वाचणारा ‘तीनच’ समजतो.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यार्थिनीचा मेल आला. चार महिने तेच करतेय, आकडे येत नाहीत, माझं काय चुकतंय?

तिला मी पाचही रन्सची एक्सेल शीट पाठवली. जर्नलला दुरुस्ती पाठवायची तर सरांशी बोलावं लागेल. सोमवारची वेळ घेतली आहे.