मास्ट पेशी, हिस्टामिन आणि अ‍ॅलर्जी : एका समीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
अंगावर पित्त उठणे, सतत शिंका येणे, डोळे चुरचुरणे या तक्रारींवर हिस्टामिनरोधक गोळी दिली जाते आणि बहुधा गुणही येतो. त्यातून ‘अ‍ॅलर्जी म्हणजे हिस्टामिन’ असे समीकरण रूढ झाले. प्रस्तुत लेखात या समीकरणाची जडणघडण व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

संशोधनाची वाटचाल :
पॉल एर्लिख यांनी १८७८ च्या प्रबंधात अ‍ॅनिलीन रंगांच्या साहाय्याने संयोजी ऊतींतील कणिकायुक्त पेशी दाखविल्या. कणिकांनी भरलेल्या या पेशी अतिपोषित असाव्यात, या समजुतीने त्यांना ‘मास्ट’ पेशी हे नाव मिळाले. समजूत मागे पडली, नाव मात्र टिकले. १९१० मध्ये हेन्री डेल व पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिनचे प्राण्यांवरील परिणाम नोंदविले. ते अ‍ॅनाफिलॅक्सिस या तीव्र सर्वांगीण प्रतिक्रियेशी मिळतेजुळते होते. १९५३ मध्ये जेम्स रायली व जेफ्री वेस्ट यांनी ऊतींमधील हिस्टामिनचा साठा मास्ट पेशींत असल्याचे दाखविले. १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्य व स्वीडनमधील संशोधकांच्या कार्यातून आयजीई हे प्रतिपिंड प्रकाशात आले. ते मास्ट पेशीच्या पृष्ठभागावर बसते आणि अ‍ॅलर्जीकारक घटक त्याला जोडला जाताच पेशीतील कणिका रिकाम्या होतात, हे पुढे स्पष्ट झाले.

चिकित्सा :
ही साखळी खरी आहे; परंतु ती पूर्ण नाही. हिस्टामिन हेच एकमेव कारण असते, तर हिस्टामिनरोधक औषधांनी दमाही आटोक्यात यावयास हवा होता. तसे घडले नाही. याचे एक महत्त्वाचे उत्तर १९७९ मध्ये बेंग्ट सॅम्युएलसन व सहकाऱ्यांच्या ल्यूकोट्राइनविषयक संशोधनातून मिळाले. श्वासनलिका आवळण्याच्या बाबतीत ही द्रव्ये हिस्टामिनपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी असतात. मास्ट पेशी त्यांच्याबरोबरच ट्रिप्टेज, प्रोस्टाग्लँडिन डी२ आदी द्रव्येही सोडते. हिस्टामिन प्रथम सापडले व मोजता आले, म्हणून त्याला प्राधान्य मिळाले. मोजता येणे आणि महत्त्वाचे असणे यांतील भेद मात्र दुर्लक्षित राहिला.

दुसरा दोष मास्ट पेशीला केवळ उपद्रवी ठरविण्याचा. १९९६ मधील उंदरांवरील प्रयोगांत जिवाणूसंसर्गाच्या प्रतिकारात, तर २००६ मधील प्रयोगांत सर्पविष व मधमाशीचे विष निष्प्रभ करण्यात या पेशींचा वाटा दिसून आला. ज्या पेशीमुळे रोग होतो, तीच संरक्षणही करते, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

व्यावहारिक परिणाम :
ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये घसा सुजतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी हिस्टामिनरोधक औषध खाज व पुरळ कमी करील, प्राण वाचवीलच असे नाही. मांडीच्या स्नायूत तातडीने दिलेले अ‍ॅड्रिनॅलिन हाच प्रथमोपचार होय. कारण ते रक्तवाहिन्या आकुंचित करते, श्वासनलिका मोकळी करते आणि मास्ट पेशींचा स्राव रोखण्यास मदत करते. पुरळ ओसरले म्हणून धोका टळला असे मानणे, ही त्या जुन्या समीकरणाचीच किंमत आहे.

निष्कर्ष :
हिस्टामिनचा शोध वैद्यकाला उपकारक ठरला, हे निर्विवाद. तथापि एका रेणूला संपूर्ण रोगाचे स्पष्टीकरण मानल्याने आकलन संकुचित होते आणि प्रसंगी उपचारास विलंब होतो. म्हणून अ‍ॅलर्जीचे अध्यापन हिस्टामिनपासून सुरू व्हावे. तेथेच थांबू नये.